लघवी आणि शी, दोन्हींसाठी पोटाचं एकच मोठं ऑपरेशन: करावं का, आणि कधी?

सातारा जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. जन्मतः पाठीवर गाठ (स्पायना बायफिडा) होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, नंतर डोक्यात शंट (डोक्यातलं साठलेलं पाणी पोटात सोडणारी नळी) बसवला. कॅलिपर लावून चालते, अभ्यासात हुशार आहे. लघवी-शीची जाणीव नाही. मी सकाळी आणि रात्री नळी घालून लघवी काढते, शाळेत डायपर असतो. शी चार-चार दिवस होत नाही आणि मग दिवसभर थोडी थोडी लागत राहते. मुलं वास येतो म्हणतात, बाकावर शेजारी बसत नाहीत. यंदा तीनदा ताप येऊन ॲडमिट केलं. आता सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज आहे. युरोडायनॅमिकमध्ये (लघवीच्या पिशवीचा दाब मोजायची तपासणी) प्रेशर 52 आणि पिशवीत फक्त 140 मिली मावतं असं आलं. पुण्याचे सर्जन म्हणतात, आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करू आणि पोटावर दोन छिद्रं करू, एक लघवीसाठी, एक शीसाठी. सासूबाई म्हणतात, पोरीच्या पोटाला भोकं पाडली तर उद्या तिच्याशी लग्न कोण करणार. मिस्टरांनी मोबाइलवर पाहिलंय की नस जोडायचं ऑपरेशन केलं की सगळं आपोआप सुरू होतं. ऑपरेशन करू की नको? आणि दुसरं बाळ होऊ द्यावं का?"

ताई,

तुम्ही रिपोर्टचे आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे मोघम धीर देण्यापेक्षा नेमकं काही सांगता येतंय. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करू. एक आहे किडनी वाचवणं. दुसरी आहे लेकीनं कोरडं, स्वच्छ राहणं. पहिलीत निवडीला जागा नाही, ती करावीच लागेल. दुसरी कधी आणि कोणत्या मार्गानं करायची हे तुम्ही, आणि मुख्य म्हणजे तुमच्या लेकीनं, ठरवायचं आहे. सर्जननी सुचवलेल्या ऑपरेशनमध्ये दोन्ही एकत्र येतात, म्हणून गोंधळ होतो.

52 हा आकडा काय सांगतो ते बघा. लघवीच्या पिशवीतला दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो 40 च्या वर राहू लागला की किडनीतून खाली येणाऱ्या लघवीला वाट मिळत नाही, ती वर तुंबते आणि किडनी हळूहळू खराब होते. हे 1981 पासून माहीत आहे आणि आजही बहुतेक बालशल्यविशारद हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवतात. साडेनऊ वर्षांच्या मुलाच्या पिशवीत ढोबळमानानं 300 मिली मावायला हवं (वयात एक मिळवून 30 नं गुणायचं). तुमच्या लेकीच्या पिशवीत त्याच्या निम्मंही मावत नाही. वर्षानुवर्षं नसांकडून चुकीचे संदेश मिळाल्यानं ती वाळलेल्या पखालीसारखी कडक झाली आहे, ताणतच नाही. डाव्या किडनीची सूज आणि तीन वेळचा ताप यांचं मूळ इथंच आहे. म्हणून "मोठी झाली की बघू" हा पर्याय नाही. पाठीच्या गाठीच्या मुलांची किडनी गेलेली घरात कुणाला कळत नाही, कारण दुखत काहीच नाही.

तरीही उद्याच ऑपरेशनची तारीख घ्या असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं: नळी दिवसातून दोनदा. ताई, दोनदा पुरत नाही. जॅक लॅपिडिस या अमेरिकन युरॉलॉजिस्टनी 1972 मध्ये दाखवून दिलं की नळी निर्जंतुक नसली तरी चालते, साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली नळी पुरे, पण पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली पाहिजे. जगभरात या मुलांच्या किडन्या त्या एका गोष्टीनं वाचल्या. वेळच्या वेळी म्हणजे जागेपणी दर तीन-साडेतीन तासांनी, दिवसातून निदान पाच वेळा. तुमच्याकडे सकाळी सात ते रात्री नऊपर्यंत पिशवी भरलेलीच राहते. डायपर ओला होतो म्हणजे लघवी होते आहे असं वाटतं, पण ती फक्त वरची ओसंडलेली असते. हा तुमचा दोष नाही. दर तीन तासांनी म्हणजे शाळेतही, हे कुणीतरी बसून, वेळ देऊन सांगायला हवं होतं.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा. सर्जनना विचारून पुढचे तीन महिने नळीचं वेळापत्रक पक्कं करा: उठल्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, शाळेतून आल्यावर, संध्याकाळी, झोपताना. झोपताना घातलेली नळी रात्रभर ठेवून बाहेरच्या प्लास्टिकच्या पिशवीला जोडता येते. किडनीला सूज असलेल्या मुलांना रात्रीच्या या विश्रांतीचा फार फायदा होतो. लघवीची पिशवी सैल ठेवणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनच्या गोळीचा डोस वजनानुसार ठरतो आणि बहुतेक मुलांना ती दिवसातून तीनदा लागते, तेव्हा तोही तपासून घ्या. या गोळीनं तोंड कोरडं पडतं, गाल लाल होतात, आणि बद्धकोष्ठ वाढतं. हे शेवटचं तुमच्या घरी महत्त्वाचं आहे, त्याकडे येतेच. तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि युरोडायनॅमिक परत करा. दाब 40 च्या बराच खाली आला, सूज ओसरली, तर ऑपरेशन पुढं ढकलता येईल. पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं हाही मधला एक टप्पा आहे, पण त्याचा असर सहा-नऊ महिनेच टिकतो आणि दर वेळी भूल द्यावी लागते. आणि सगळं नेटानं करूनही दाब खाली आला नाही, तर मात्र मागेपुढे पाहू नका.

आणखी एक. गेल्या वर्षभरात तिची चाल बिघडलीय का? पायाचा आकार बदलला, पाठ दुखते, आधी कोरडी राहायची ती आता राहत नाही, असं काही? उंची भराभर वाढण्याच्या वयात पाठीचा कणा वाढतो आणि जन्माच्या वेळच्या जखमेच्या व्रणाला चिकटलेला मज्जारज्जू ताणला जातो. तसं असेल तर आधी पाठीचा एमआरआय आणि न्यूरोसर्जनचं मत. पोटाचं ऑपरेशन त्यानंतर.

आता शाळा. मधल्या सुट्टीतली ती एक नळी हेच सगळ्यात अवघड काम आहे, मला कल्पना आहे. मुख्याध्यापिकांना भेटा, डॉक्टरांचं पत्र घेऊन जा. मागायचं फार नाही: कडी लागणारा एक संडास, हात धुवायला पाणी-साबण, दहा मिनिटं, आणि सुरुवातीला तुम्हाला किंवा शाळेतल्या मावशींना आत जायची परवानगी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशी सोय करणं ही शाळेची जबाबदारी ठरवली आहे, पण कायदा दाखवायची वेळ क्वचित येते. समजावून सांगितलं की बहुतेक शिक्षिका मनापासून मदत करतात. आणि लेकीला स्वतः नळी घालायला शिकवायला आजपासून सुरुवात करा. साडेनऊ हे त्यासाठी चांगलं वय आहे. आरसा समोर ठेवून, आधी फक्त नळी धरायला, मग धुवायला, मग घालायला. पायाला कॅलिपर असताना मुलींना खालून नळी घालणं खरोखर कठीण जातं. सर्जननी पोटावरच्या वाटेचा विचार केला तो त्यासाठीच.

शीबद्दल तुमच्या पत्रात दोनच ओळी आहेत, आणि माझ्या मते लेकीचा सगळ्यात मोठा त्रास तोच आहे. बाकावर शेजारी कुणी बसत नाही ते लघवीमुळे नाही. चार दिवस साठलेल्या घट्ट शीच्या बाजूनं पातळ शी वाट काढत बाहेर झिरपते. घरच्यांना वाटतं जुलाब होतायत, म्हणून पोट साफ करणारं औषध बंद करतात, आणि आतला खडा आणखी घट्ट होतो. तो खडा पुढच्या बाजूला लघवीच्या पिशवीवर दाबतो. पिशवीत कमी मावतं, ती नीट रिकामी होत नाही, इन्फेक्शन परत परत होतं. लघवी आणि शी या दोन्हींवर ताबा ठेवणाऱ्या नसा पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला एकाच ठिकाणाहून निघतात, आणि गाठ नेमकी तिथंच होती. म्हणून एकीचा इलाज दुसरीला सोडून होत नाही. पिशवीचं ऑपरेशन केलं आणि कोठा तसाच राहिला, तर इन्फेक्शनही तशीच राहतात.

आधी साठलेलं सगळं औषधानं पूर्ण बाहेर काढावं लागेल. मग रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, जेवणानंतर अर्ध्या तासानं, खालून कोमट मीठपाण्यानं आतडं धुवायचं. त्यासाठी शंकूच्या आकाराचं किंवा फुगा असलेलं साधन मिळतं आणि ते कसं वापरायचं हे वॉर्डच्या सिस्टर शिकवतात. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, हे प्रमाण सोडू नका. लहान मुलाच्या आतड्यात मोठ्या प्रमाणात साधं पाणी सोडलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. दोन-तीन महिने नेमानं केलं की बरीच मुलं दिवसभर स्वच्छ राहू लागतात. ज्यांना हे जमतं त्यांना पोटावरच्या दुसऱ्या वाटेचाही उपयोग होतो. ज्यांना खालून धुऊनच फरक पडत नाही, त्यांना वरून धुऊनही पडेल याची खात्री नसते. म्हणून हा काळ एक प्रकारची परीक्षाच समजा.

एवढं करून ऑपरेशन ठरलं, तर ते नेमकं काय आहे ते ऐका, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल.

पिशवी मोठी करण्यासाठी लहान आतड्याचा साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरचा तुकडा रक्तपुरवठा न तोडता वेगळा करतात, उभा चिरून सपाट करतात आणि उघडलेल्या पिशवीला ठिगळ म्हणून शिवतात. लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग सोडून देतात, कारण बी-12 जीवनसत्त्व तिथं शोषलं जातं. आता पिशवीत जास्त मावतं आणि दाब कमी राहतो. किडनी वाचते ती या भागामुळे.

लघवीची वाट म्हणजे फ्रान्समधल्या रुआँ इथले सर्जन पॉल मित्रोफानॉफ यांनी 1980 मध्ये मांडलेली युक्ती. अपेंडिक्सचं एक टोक पिशवीच्या भिंतीत, अस्तराखालून बोगदा करून बसवतात, आणि दुसरं टोक बेंबीत किंवा पोटाच्या उजव्या बाजूला उघडतात. पिशवी भरली की तिच्याच दाबानं तो बोगदा मिटतो, त्यामुळे बाहेर गळत नाही. शीची वाट साउदॅम्प्टनच्या पॅड्रिक मलोन यांनी 1990 मध्ये दाखवली. यात वाट मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडतात, तिच्यातून मीठपाणी सोडतात आणि आतडं वरून खाली धुऊन निघतं. इथंही अपेंडिक्सच वापरतात. ते लांब असेल तर दोन भाग करून दोन्ही कामं होतात. आखूड असेल तर एका वाटेसाठी लहान आतड्याची बारीक नळी बनवतात. म्हणून लघवी आणि शी यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे: अपेंडिक्स एकच आहे आणि ते एकदाच वापरता येतं. आणखी लक्षात ठेवा, शंटसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी कुणी तिचं पोट उघडलं, तर जाता जाता अपेंडिक्स काढू नका असं आधी सांगून ठेवा.

सासूबाईंच्या मनात बहुधा पोटाला चिकटवलेली शीची पिशवी आहे. तशी पिशवी इथं लागत नाही. बाहेर दिसतं ते करंगळीच्या टोकाएवढं छिद्र. बेंबीत केलं असेल तर सांगितल्याशिवाय कळतही नाही. रोजचं चित्र असं असतं: संध्याकाळचं जेवण झालं की मुलगी कमोडवर बसते, भिंतीच्या खिळ्याला मीठपाण्याची पिशवी टांगलेली असते, ती स्वतः दहा नंबरची नळी छिद्रातून आत सरकवते, चिमटा सोडते, आणि पुस्तक उघडते. पाणी आत जायला दहा-पंधरा मिनिटं, पोट रिकामं व्हायला आणखी अर्धा-पाऊण तास. नळी काढते, कापसाचा बोळा आणि वर पट्टी. दुसऱ्या दिवशी शाळेत डायपर नाही. बारा-तेरा वर्षांच्या कितीतरी मुली हे आईला आत न येऊ देता करतात. आईला बाहेर थांबवण्याचा तो हक्क त्या मुलींना किती मोलाचा वाटतो, हे मी ओपीडीत वर्षानुवर्षं पाहते आहे.

पण ऑपरेशननंतर नळी सुटते असं कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. नळी आयुष्यभर राहते, फक्त वाट बदलते. आता नळी चुकली तर डायपर ओला होतो. मोठी केलेली पिशवी वेळेवर रिकामी झाली नाही, तर फुटू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं, आणि पोटातली संवेदना कमी असल्यानं या मुलांना दुखतंही कमी. पोट फुगलं, उलट्या, ताप, लघवी नेहमीपेक्षा कमी निघाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं की हिची पिशवी आतड्यानं मोठी केलेली आहे. गावाकडच्या डॉक्टरला ते पाहून कळणार नाही. ऑपरेशनची चिठ्ठी लॅमिनेट करून दप्तरात ठेवा. याशिवाय आतड्याचं अस्तर चिकट स्राव सोडत राहतं, तो धुऊन काढला नाही तर खडे होतात, म्हणून सर्जन सांगतील तसं मीठपाण्यानं पिशवी धुवायची. छिद्र आकसून नळी जाईनाशी होणं, थोडं गळणं, पुन्हा लहानसं ऑपरेशन लागणं, हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत होतं, ते आधीच गृहीत धरा. दरवर्षी सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातली आम्लता आणि बी-12 तपासायचं, ते ती पन्नाशीची झाली तरी.

म्हणून ज्या घरात दर तीन तासांची नळी आज जमते, त्याच घरात हे ऑपरेशन नीट चालतं. तीन महिन्यांचा आग्रह मी धरला, त्यामागे हेही कारण आहे. लेकीला विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका. चित्र काढून दाखवा. छिद्रं कुठं असावीत हे ठरवताना सर्जन पेननं खूण करतात, तेव्हा तिला कॅलिपर लावून, नेहमीचा स्कर्ट घालून, खुर्चीवर बसवून बघायला सांगा: तिला ते दिसतंय का, तिचा हात पोचतोय का.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलला दोन गोष्टी न विचारताच सांगा. तिला शंट आहे, म्हणजे आतडं उघडताना संसर्ग होऊ नये यासाठी जादा काळजी हवी. आणि पाठीच्या गाठीच्या मुलांना लेटेक्सची (रबराची) ॲलर्जी होण्याचा धोका फार असतो, तेव्हा ग्लोव्ह्ज, कॅथेटर सगळं लेटेक्सविरहित हवं. वाढदिवसाच्या फुग्यानं तिचे ओठ कधी सुजले असतील तर तेही आठवून सांगा. आठवडा-दहा दिवस हॉस्पिटल, तीन-चार आठवडे नळ्या आत, शाळा साधारण दोन महिने बुडेल असं धरा. वार्षिक परीक्षेनंतरची सुट्टी सोयीची. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटून ही शस्त्रक्रिया यादीत कोणत्या नावाखाली बसते ते लेखी विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मज्जारज्जूचे जन्मजात दोष येतात, त्या कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रातूनही संदर्भपत्र घ्या.

मिस्टरांनी पाहिलेलं नस जोडायचं ऑपरेशन चीनमधून आलं. पायाच्या नसेची फांदी पिशवीच्या नसेला जोडायची आणि मांडी खाजवली की लघवी होईल, अशी ती कल्पना. अशा मुलांचे दोन गट करून अमेरिकेत रीतसर तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले, आणि लघवीच्या बाबतीत फायदा दिसला नाही. पायातली आहे ती ताकद गमावण्याचा धोका मात्र खरा. स्टेम सेलच्या नावानं पैसे घेणाऱ्यांच्या बाबतीतही पाकीट खिशातच राहू द्या. मिस्टरांना दुखवू नका, लेकीसाठी ते रात्री जागून शोधतायत. त्यांना नळी शिकवा, एक वेळ त्यांच्याकडे द्या.

लग्नाचं म्हणाल, तर सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. नातीला पाळी येईल, कदाचित बरोबरीच्या मुलींच्या थोडी आधीच. अशी ऑपरेशनं झालेल्या बायका संसार करतात, त्यांना मुलं होतात, बाळंतपणात युरॉलॉजिस्ट हाताशी लागतो इतकंच. डायलिसिसवर गेलेल्या किडनीनं मात्र सगळंच अवघड होतं, नोकरी, शिक्षण आणि संसारही. लग्नाच्या काळजीपोटी आजची किडनी पणाला लावू नका.

दुसऱ्या बाळाचा तुम्ही सगळ्यात शेवटी, घाबरत विचारलेला प्रश्न. जरूर होऊ द्या, पण तयारीनं. एका मुलाला पाठीची गाठ असेल तर पुढच्या बाळाला ती होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. 1991 साली ब्रिटनच्या पुढाकारानं झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की गरोदर राहण्याआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं तर यातला जवळपास पाऊण धोका टळतो. आपल्याकडे 5 मिलिग्रॅमची गोळी मिळते, स्वस्त असते. पाळी चुकल्यावर सुरू करून उपयोग नाही, कारण कणा मिटतो तो गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत, दिवस गेल्याचं कळण्याच्या सुमारास. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा, दोन-तीन महिने आधी गोळी सुरू करा, तिसरा महिना संपेपर्यंत चालू ठेवा, आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चांगल्या सेंटरला करून घ्या.